फ्यूज मागायला कोण आलं?

ही गोष्ट खरी आहे. विश्वास नका ठेवू, चालेल. पण "छे, असं कुठं असतं का" म्हणायला माझ्या काकासमोर तेवढं जाऊ नका.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या डिसेंबरातला मंगळवार, दुपारचे सव्वादोन. मुळशी धरणाच्या काठाला आमचं वांग्याचं रान आहे. तिथं, लख्ख उन्हात घडलं हे.

धम्मदीपा माझी आत्या. समुद्रावर गस्त घालणारं जे सरकारी खातं असतं ना, त्यात ती सिव्हिलियन इलेक्ट्रिशियन. वर्दीवाले सॅल्यूट ठोकत फिरतात, ही साध्या कपड्यात. पण हिनं खटका वर केला नाही, तर धक्क्याला लागलेल्या जहाजात पंखासुद्धा फिरत नाही. असला रुबाब!

त्या कामात एक नियम असतो. एकजण लाइनला हात घालतो, दुसरा फ्यूज काढून खिशात ठेवतो. हात घालणारा स्वतः येऊन मागेपर्यंत ते कुणालाही द्यायचे नाहीत. साहेब बोंबलला तरी नाही.

सप्टेंबरात तिच्या जोडीचा एकनाथ धक्क्याखालच्या वायरींच्या पेटीत उतरला होता. फ्यूज धम्मदीपाच्या खिशात होते. जेवणाची सुट्टी झाली. डब्यातला भात गार होत होता. झालं असेल त्याचं, असं म्हणून तिनं फ्यूज बसवले.

त्याचं झालं नव्हतं.

चौकशीत तिनं एकच वाक्य सांगितलं. "एकनाथनं स्वतः वर येऊन फ्यूज मागून घेतले."

मेलेला माणूस कशाला नाही म्हणतोय? फ्यूज बसवून तोच पुन्हा खाली गेला असणार, त्याचीच चूक, असं ठरलं. फाइल बंद. धम्मदीपा रजा टाकून घरी आली.

त्या मंगळवारी रानातली मोटर बंद पडली. पाण्याजवळ केबलचा जोड सुटला होता. अनिकेत, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा काका, चड्डी वर खोचून निघाला. पोलीस भरतीचं ग्राउंड त्यानं नुकतंच काढलं होतं. लेखी तेवढी बाकी होती. त्यामुळं स्वारी हवेत!

"ए सरकारी वायरमन, फ्यूज काढलेस का? न्हाईतर भरतीआधीच शहीद करशील मला."

"तिन्ही काढलेत. घे, तुझ्याकडंच ठेव."

"माझ्या चड्डीला खिसा हाय व्हय? ठेव तूच."

तिनं त्याचं मनगट धरलं.

"अन्या, तू सवता वर येऊन मागितल्याबिगर मी न्हाई देणार. खालनं ओरडू नको. वर यायचं. कळलं?"

"व्हय व्हय, मॅडम!"

तो शीळ घालत उतारावरून खाली गेला. ती वर, स्टार्टरच्या पेटीजवळ उभी राहिली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मग शीळ थांबली...

पलीकडच्या रिसॉर्टवर गाणी चालू होती, ती थांबली. झाडावरचे पक्षी थांबले. वारा तर कधीच पडला होता.

तिला मांडीला गार लागलं. खिसा ओला झाला होता... तिनं फ्यूज बाहेर काढले. तिन्हीवर पांढरे कण होते. तिनं बोट लावून चाखलं.

मीठ.

धरणाचं पाणी गोडं. समुद्र डोंगरांच्या पलीकडं. आणि हातातल्या फ्यूजवर मीठ!

तेवढ्यात ओल्या पायांचा आवाज आला. चप... चप... चप...

तिनं मान वर केली. समोर अनिकेत उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला.

ती हसली. जीव भांड्यात पडला तिचा.

"झालं का रं?"

त्यानं मान हलवली. हात पुढं केला.

"तोंडात काय धरलंयस? बोल की!"

तो नुसता हसला. हात तसाच पुढं होता...

नियम नियमासारखा पाळला तिनं. तो स्वतः आला होता, स्वतः मागत होता. तिनं फ्यूज दिले. त्यानं ते बसवले. एक. दोन. तीन. मग हिरवं बटण दाबलं.

मोटर गुरगुरली.

आणि खालून, पाण्याजवळून, अनिकेत किंचाळला.

ती गर्रकन वळली. शेजारी कुणीच नव्हतं. हिरव्या बटणावर एकच बोट होतं...

तिचं स्वतःचं.

तिनं लाल बटण दाबलं. पण उशीर झाला होता. पुण्याच्या दवाखान्यात अनिकेतचा उजवा हात कोपरापासून काढला. लेखीची तारीख आली आणि गेली.

दवाखान्यातच आजोबांनी विचारलं, "दीपे, फ्यूज तुझ्याकडं व्हते. मोटर चालू झाली कशी?"

"आबा, अनिकेतनं स्वतः वर येऊन फ्यूज मागून घेतले."

बोलता बोलता ती थांबली. हे वाक्य तिनं आधी एकदा वापरलं होतं. तेव्हा खोटं होतं, तरी सगळ्यांनी मानलं. आता खरं होतं.

खाटेवरून अनिकेत हळूच म्हणाला, "मी न्हाई आलो वर."

त्यानं मान तिच्याकडं वळवली.

"मी खालनं बोंबलत हुतो. ताई थांब, माझा हात हाय, हात हाय. तू एकटीच हुतीस तितं. फ्यूज तूच बसवलेस. हसत हसत. मंग बटण दाबलंस."

आजोबा उठून बाहेर गेले. आजही ते तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.

एकनाथचं खरं तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगून करणार काय? पहिलं खोटं कबूल केलं, तर दुसरं खरं कोण मानेल? फक्त मला सांगितलं होतं, एकदा, रडत रडत. नावं बदलून मी तुम्हाला सांगतेय.

पण खरी भीती मला गेल्या आठवड्यात वाटली.

ती बॅग भरत होती. मी सहज एकनाथचा विषय काढला. ती माझ्याकडं वळली. चेहरा अगदी शांत.

"मी खोटं बोललेच नव्हते गं. एकनाथ आला होता वर. ओला होता. हसला माझ्याकडं बघून. आता मला सगळं स्पष्ट आठवतं."



तिला बढती मिळालीय. सोमवारी नव्या धक्क्यावर रुजू होतेय. तिथं तिच्या हाताखाली दोन माणसं आहेत.