झांबेताने अर्ध्यावर सोडलेला भाग

थ्रासोस वारला आणि त्याच्या सुतकामुळे त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा लांबला. तो ज्या वर्षी झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. एका शुक्रवारी सकाळी थ्रासोसची आई असिमिना पेत्रोव्रिसी गावच्या पोलीस चौकीत आली आणि हवालदार निकिफोरोससमोर बसली.

"माझ्या मुलाला मारलंय," ती म्हणाली. "काल टीव्हीवर दाखवलं."

निकिफोरोस हसला नाही. गेल्या नाताळात थ्रासोसचं प्रेत त्यानेच पाहिलं होतं.

गुरुवारची ती गुन्ह्यांची मालिका सगळं गाव बघायचं. असिमिना आणि तिची थोरली बहीण झांबेता ताटं मांडीवर घेऊन बसायच्या. झांबेता बिनलग्नाची, बहिणीकडेच राहायची. गुन्हेगार कोण, हे ती पहिल्या जाहिरातीआधी सांगायची आणि ते खरं ठरायचं. वरच्या आळीतला पांडेलिस जाता-येता कुंपणावरून ओरडायचा, "झांबेता, आज कोण ते सांगून टाक, म्हणजे मी झोपायला मोकळा."

कालच्या भागात एक व्यापारी बंद खोलीत मेलेला सापडला. त्याचे गाल गुलाबी होते. कोळशाच्या वाफेने मेलेल्याचे गाल असेच होतात, असं टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरने सांगितलं. असिमिनाच्या हातातून काटा गळून पडला. थ्रासोसला शेवटचं न्हाऊ तिनेच घातलं होतं. त्याचेही गाल गुलाबी होते. झोपल्यासारखा दिसतो, असं बायका म्हणाल्या होत्या. डॉक्टरने लिहिलं, हृदय बंद पडलं.

"पुढचं मी पाहिलंच नाही. टीव्ही बंद केला," ती म्हणाली. "पण त्याला कोळसे कुणी दिले, ते मला ठाऊक आहे. पांडेलिसने. अक्रोडाच्या झाडावरून आमचं वाकडं आहे, ते साऱ्या गावाला माहीत आहे."

"झांबेतामावशी काय म्हणाली?"

"ती माझ्याही आधी उठली. डोकं दुखतंय म्हणाली. सकाळपासून तोंडात घास नाही. तिनेच वाढवला ना त्याला."

कोळशांचं निकिफोरोसला आधीपासून माहीत होतं. थ्रासोस नाताळच्या दुसऱ्या दिवशी योआनिना शहरातून रात्री उशिरा आला होता. आईची झोप मोडू नये म्हणून तो वरच्या आळीतल्या आजोबांच्या बंद घरात उतरला. घर गारठलेलं होतं. त्याने शेजारच्या पांडेलिसकडून शेगडीत पेटते कोळसे मागून घेतले. सकाळी तो हाकेला ओ देईना, तेव्हा पांडेलिसनेच चौकीत धाव घेतली होती.

दुपारपर्यंत असिमिनाने पांडेलिसच्या फाटकाशी उभं राहून त्याला खुनी म्हटलं. कॉफीच्या दुकानात त्याच्या टेबलाशी कुणी बसेना. निकिफोरोस गेला तेव्हा तो एकटाच होता.

"कोळसे कसे होते?"

"लालभडक. धुराचा मागमूस नव्हता."

"शेगडी कुठे ठेव म्हणालास?"

"भिंतीतल्या चुलीत, धुराड्याच्या बरोबर खाली. लहान पोराला सांगतात तसं सांगितलं. आणि तिथेच होती ना ती? तू पाहिलीस."

निकिफोरोसने पाहिली होती. थ्रासोस सांगितल्याप्रमाणे वागला होता.

"मग वाफ वर का गेली नाही?"

"वर्षभर मी स्वतःला तेच विचारतोय," पांडेलिस म्हणाला. "तुला सापडलं तर मलाही सांग."

निकिफोरोस वरच्या घरी गेला. चुलीत डोकं घालून त्याने वर पाहिलं. निळं आभाळ दिसलं. आत कावळ्यांच्या यंदाच्या घरट्याच्या काड्या अडकल्या होत्या. म्हणजे वसंतात धुराडं उघडं होतं. नाताळात मात्र ते बंद असलं पाहिजे. मधल्या काळात कुणीतरी ते उघडलं होतं. छपरावर चढून नव्हे, कारण कौलं शेवाळाने माखलेली होती आणि एकही हललेलं नव्हतं; म्हणजे खालून, चुलीतून.

तो बाहेर आला. दाराच्या चौकटीवर एक खिळा होता. त्याकडे बघता बघता त्याला ती सकाळ आठवली. त्या खिळ्याला चाळण टांगलेली होती.

नाताळापासून सहा जानेवारीच्या, पाणी पवित्र करण्याच्या सणापर्यंत कलिकांझारी हिंडतात. काळी, खोडकर भुतावळ. ती धुराड्यातून खाली उतरते. जिथे जाळ असतो, तिथे येत नाही. दारावर चाळण दिसली की तिची भोकं मोजत बसते आणि तेवढ्यात कोंबडा आरवतो. पेत्रोव्रिसीत लोक या गोष्टीला हसतात आणि चाळण टांगतात. त्या दिवसांत दारोदारी चाळण असते, म्हणून निकिफोरोसने ती पाहूनही पाहिली नव्हती. पण हे घर तर बंद होतं. बंद घराच्या दारावर चाळण कुणी लावली?

तो बहिणींच्या घरी गेला. असिमिना दफनभूमीत गेली होती. झांबेता खिडकीशी बसली होती, चुलीपासून लांब.

"मावशी, मालिकेचा शेवट मी पाहिला. व्यापाऱ्याच्या भावाने धुराड्यात बोळा कोंबला होता. तू ते आधीच ओळखलंस."

"ओळखलं."

"चाळण तूच लावली होतीस."

"दरवर्षी लावते. वडिलांचं घर आहे. तिथे जाळ नसतो, म्हणून धुराड्यात घोंगडं कोंबायचं आणि पाण्याच्या सणाला काढायचं. आई करायची, तिच्या मागे मी करते."

निकिफोरोसने सगळं क्रमाने सांगितलं. थ्रासोस येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने धुराड्यावर विसंबून शेगडी चुलीत ठेवली. लाल कोळशाला धूर नसतो, म्हणून धुराडं बंद असल्याचं त्याला कळलं नाही. वाफ खोलीतच राहिली. सणाला झांबेताने नेहमीसारखं घोंगडं काढलं.

"तेव्हा काहीच मनात आलं नाही?"

"डॉक्टर हृदय म्हणाला होता. मी घोंगडं झटकलं आणि वाळत घातलं." तिने दोन्ही मनगटं पुढे केली. "मला धरून ने, निकिफोरा."

कागदावर काय लिहायचं, ते त्याला सुचेना. तो एवढंच म्हणाला की पांडेलिसचं नाव आजच्या आज मोकळं झालं पाहिजे, मग सांगायचं कुणी ते मावशीने ठरवावं.

ते ठरवायचं राहिलंच नाही. असिमिना दारात उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं. डोक्यावरचा काळा रुमाल तिने सोडला, पुन्हा बांधला.

"वर्षभर मी देवाकडे एक नाव मागत होते," ती म्हणाली. "आता हिचं मी काय करू? तूच सांग, निकिफोरा. तू सरकारचा माणूस आहेस."

निकिफोरोस टोपी हातात घेऊन उभा राहिला.

संध्याकाळी असिमिना पांडेलिसच्या फाटकाशी गेली आणि दुपारी जिथे उभी होती तिथेच उभी राहून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, आपलं चुकलं म्हणाली. बहिणीचं नाव तिने घेतलं नाही. पांडेलिसनेही विचारलं नाही. निकिफोरोसने कागद वरिष्ठांकडे पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. दोघी बहिणी त्याच घरात राहिल्या. असिमिना दोन माणसांचा स्वयंपाक करायची आणि झांबेता जेवायला बसायची नाही.

झांबेता ईस्टरआधीच्या पुढच्या मोठ्या उपासात, मार्च महिन्यात वारली. असिमिना त्याच वर्षी ऑगस्टात, देवमातेच्या सणाच्या आदल्या दिवशी वारली.