झोपू द्या त्यांना

ही गोष्ट खरी आहे. निदान मी तरी ती खरी समजत आलो आहे. वाचून तुम्हीच ठरवा.

१९९६ चा ऑक्टोबर. बेंगळुरू, चामराजपेठ. रविवारची दुपार. घरात दोघेच... मी आणि माझे थोरले बंधू, हंबीरअण्णा.

अण्णांचा खांदा मोडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फीनच्या जातीची गोळी दिली होती. झोप लागेना म्हणून त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळीही आणली. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही.

त्या दुपारी दोन्ही घेतल्या. वर ब्रँडी.

"अण्णा, गोळ्यांवर दारू नको," मी चाचरत म्हणालो.

"स्वल्पच आहे रे! पुस्तकं वाचून डॉक्टर झालास काय? जा, वाचत बस."

मी गेलो. त्यांच्यापुढे माझं कधी काही चाललंच नाही.

थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं. नेहमीचं नव्हे. घशात पाणी अडकल्यासारखं... मग शांतता... मग पुन्हा एक घरघर.

मधली शांतता लांबत चालली होती.

मी उठलो. त्यांच्या दाराचा पडदा धरला...

"झोपू द्या त्यांना, भावोजी. रात्रभर कण्हत होते."

आवाज आतून आला. हळू. राजलक्ष्मी वहिनींचा.

"बरं वहिनी," म्हणून मी परत फिरलो. तीस वर्षं त्यांचं ऐकत आलो होतो.

एक पान वाचलं. दुसरं वाचलं.

घरघर थांबली. मला बरंच वाटलं...

तिसरं पान उलटताना आठवलं...

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी धावलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अण्णांचे ओठ निळे पडले होते. हलवलं, हाका मारल्या...

नर्सिंग होममध्ये नेलं, तोवर अण्णा गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही तिन्ही एकत्र घेतली की श्वास मंदावत बंद पडतो. ते घोरणं म्हणजे झोप नव्हती. तेव्हाच हलवून उठवायचं, आणि उठले नाहीत तर तडक इथं आणायचं. तुम्ही कुठं होता?"

"बाहेर गेलो होतो," मी म्हणालो.

माझ्या बायकोला, प्रेमालाही, मी आजवर हेच सांगितलं आहे.

वहिनी आल्या होत्या, असं मी मानतो. पण अण्णांना नुसता ताप आला तरी त्या रात्र जागून काढायच्या. त्या असं का सांगतील?

आणि त्या आल्याच नसतील...

तर मी परत फिरलो, ते कोणाच्या सांगण्यावरून?