लेझरचं दुसरं सिटिंग

खरं तर अपॉइंटमेंट त्याच्या ताईची होती. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कमी करून घ्यायला ती आली, लेझरचं मशीन बघून घाबरली आणि सोबतच्या धाकट्या भावाला पुढे ढकलून म्हणाली, "आधी याच्यावर करून बघा, डॉक्टर."

तो पोहायला शिकवायचा. वर्षानुवर्षं उन्हात, पाण्याच्या चकाकीत डोळे बारीक करून उभा राहिलेला. रेषा ताईपेक्षा त्यालाच जास्त होत्या. त्या कुठवर जातात ते बघायला मी त्याला हसायला सांगितलं. सांगून हसू येत नाही म्हणाला, आणि म्हणता म्हणताच हसला. मी रेषा बघायच्या सोडून... असो.

बधिर करणारं क्रीम लावलं की थोडा वेळ थांबावं लागतं. एरवी मी तेवढ्यात दुसरा पेशंट बघते. त्या दिवशी तिथेच बसून राहिले. डोळे मिटून तो पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल सांगत होता. त्यांना तो नुसतं काठावर बसवतो, पाय पाण्यात सोडून. कधीपर्यंत, मी विचारलं. त्यांचं त्यांना उतरावंसं वाटेपर्यंत, तो म्हणाला.

नंतर सूज आली, लाली आली, ऊन बंद झालं. तपासणीला आला तो भली मोठी टोपी घालून. अख्खा तलाव मला हसतोय म्हणाला. मग महिनाभर यायचं काही कारण नव्हतं. तरी क्रीम किती लावायचं, हे विचारायला त्याचे फोन येत राहिले, आणि मीही चिमूटभर उत्तर घोळवून घोळवून देत राहिले. फोन वाजला की तू अशी उठतेस काय गं, असं आईनं एकदा विचारलंच.

दुसऱ्या सिटिंगला त्याच्या डोळ्याखाली क्रीम लावताना माझं बोट थांबलं. जरा जास्तच वेळ.

"मला हे नाही जमणार," मी म्हटलं.

"मशीन बिघडलंय?"

"मशीन ठीक आहे. पण... ज्याची वाट बघत बसते, त्याच्यावर डॉक्टरनं उपचार करू नयेत. माझ्या मैत्रिणीकडे जा. तिचा हात चांगला आहे."

त्यानं क्रीम पुसलं, मैत्रिणीचा नंबर घेतला, 'बरं' म्हणाला आणि गेला.

दार लागलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी मी तशीच जिन्याकडे धावले. तो खालच्या वळणावर फोनवर बोलत होता – मैत्रिणीच्या दवाखान्यात वेळ घेत होता. हाक मारायला गेले, तर नावच तोंडात येईना.

"अहो..."

त्यानं फोन ठेवला. वर बघितलं.

"डॉक्टर, इतक्या लवकर 'अहो'?"

माझे कान तापले. "मग... काय म्हणू?"

"राहू दे," एकेक पायरी चढत तो म्हणाला. "हेच छान आहे."