पाटावरची नात

दूरकाळ संस्थेच्या प्रयोगशाळेत यंत्रांच्या मधोमध एक पाट मांडलेला असे. भोवती रांगोळी, पुढे वाढलेलं ताट. रिवाज कुमुदताई खानविलकरांचा. मोठा निर्णय घ्यायचा, तर अजून न जन्मलेल्या माणसाला आधी पाटावर बसवायचं, मग विचारायचं. रांगोळी काढताना त्या गुणगुणत,

पाटाला काढीते, रांगोळीची वेल
नातीची ग नात माझी, जेवायाला येईल

आणि ती येई. सुरंगबंदर शहर इथेच राहिलं तर पुढे काय होईल, याचे हजार शक्यकाळ ‘भावीवाणी’ हे यंत्र मांडी. त्यातून दोनशे वर्षांपुढचं एखादं माणूस निवडी, आणि पाटामागच्या कर्ण्यातून आवाज येई, "आम्ही सुखात आहोत, आजी." समुद्र चढत होता, बंधारा उंचावत होता, आणि त्या एका वाक्यावर शहराने सारं आयुष्य रचलं होतं. कुमुदताईंनीही.

शहर सोडायचं की राहायचं, हे आज ठरणार होतं. कुमुदताईंची लेक मैना बंधाऱ्याच्या पायथ्याशीच राहायची. सातवा महिना लागला होता तिला.

सकाळी रांगोळी चालू असतानाच संस्थेची गणिती सफिया मुकादम समोर येऊन बसली. दोघींचे केस एकाच छताखाली पांढरे झालेले.

"ताई, आपल्याला एकही नात कधी रडताना का भेटली नाही ग?"

"बंधारा बांधला ना आपण."

"फुशारकी पुरे. यंत्र आवाज कुणाचा देतं? त्या काळात जो जिवंत आहे त्याचा. ज्या काळात इथे कुणी उरलंच नाही, तिथून कोण बोलणार?"

कुमुदताईंची चिमूट थांबली.

"तो काळ यंत्र गाळतं," सफिया म्हणाली. "पुढच्याला बसवतं. तूच सांगितलं होतंस, रिकामा पाट दिसला की लोकांचं काळीज चरकतं."

"किती गाळतं?"

"हजारातले सहा बोलतात."

पांढरी भुकटी वेलीवर सांडली. बोटाने ती सारखी करावी, एवढंही कुमुदताईंना सुचेना.

"म्हणजे वाचलेल्यांनाच विचारत बसलो आपण," त्या पुटपुटल्या. "वाचाल का म्हणून."

दुपारी प्रयोगशाळेचं दालन शहरातल्या लोकांनी भरलं. मैना पुढच्याच रांगेत, पोटावर हात ठेवून. कुमुदताईंनी सगळं उलगडून सांगितलं. म्हणाल्या, "आज कुणाला गाळायचं नाही. सगळे ओळीने बसतील. जो बोलणार नाही, तो नाहीच असं समजा."

यंत्राने क्रमांक पुकारला. एक. कर्णा गप्प, पाट रिकामा. दोन. रिकामा. ताटातला भात निवत गेला. लोक खाकरले, मग कुजबुजले.

"ताई, तुमच्या नाती झोपल्यात वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि दालन हसलं.

"यंत्र बिघडलंय," नगराध्यक्ष तोडणकर म्हणाले. "बंद करा ते."

"बिघडलेलं नाही, भाऊ. हेच उत्तर आहे."

"अहो, शांततेवर शहर उठवू? एवढी वर्षं आवाज ऐकलाय आम्ही."

शेजारी बसलेली सफिया उठणार, तोच यंत्राने पुढचा क्रमांक पुकारला आणि कर्णा खरखरला. कोवळा, स्वच्छ आवाज आला. गात होता.

पाटाला काढीते, रांगोळीची वेल...

"आजी, तुझी ओवी अजून म्हणतो आम्ही. बंधारा आहे. आम्ही आहोत."

दालन उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. हात वर झाले, शंभर, दोनशे, मग मोजायचीही गरज उरली नाही. राहायचं ठरलं.

मैनाचा हात सगळ्यांत उंच होता. डोळे भरून आले होते तिचे. "आई, ऐकलंस? माझीच कुणीतरी होती ग ती!"

कुमुदताईंनी लेकीच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं.

लोक हसतखेळत बंधाऱ्याकडे, आपापल्या घरी निघाले. मागे यंत्र पुढचा क्रमांक पुकारत होतं, आणि थांबून वाट बघत होतं, आणि पुढचा पुकारत होतं.