चोपन्न ठसे

"मॅडम, ताबडतोब या. शिक्का गेलाय, आणि इथे दीडशे माणसं आत कोंडून ठेवलीत."

संग्रहालयाच्या संचालकांचा हा फोन आला तेव्हा सव्वाचार वाजले होते. रविवार असल्यामुळे इन्स्पेक्टर बाई ठाण्यात निवांत गुडघ्याला मलम चोळत बसल्या होत्या. मलम अर्धवट टाकून त्या निघाल्या.

संग्रहालयाच्या दारात आईबाप पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते. आत मुलांनी गोंधळ मांडला होता. कुणाला भूक लागली होती, कुणाला शू, आणि एकाला दोन्ही. झडती झाल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, असा संचालकांचा हुकूम होता.

"झडती झाली का सगळ्यांची?" बाईंनी पहारेकऱ्याला विचारलं.

"पालक, पोरं, पिशव्या, सगळं बघितलं. आमचीसुद्धा एकमेकांनी घेतली. ताईंच्या तर केसांतल्या पिना काढून बघितल्या. फक्त साहेब लोक राहिले."

कार्यशाळेची खोली तळमजल्यावर होती. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, मातीचा ओला वास. भिंतीलगतच्या फळ्यांवर मुलांनी केलेल्या मातीच्या फरशा वाळत ठेवल्या होत्या. बुटक्या खुर्चीवर एक बाई बसली होती. तिच्या हातांना कोपरापर्यंत माती होती आणि तोंडचं पाणी पळालं होतं. मुलांचे कार्यक्रम घेणाऱ्या ताई त्या ह्याच. त्यांच्या ॲप्रनला धरून सात वर्षांची एक मुलगी उभी होती.

"ही कोण?"

"माझी मुलगी. घरी बघायला कुणी नसतं, म्हणून सोबत आणते." ताईंचा आवाज चिरकला. "मॅडम, मला नेलंत तर हिला कोण बघणार? आम्ही दोघीच आहोत हो."

बाई संचालकांकडे वळल्या. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नव्हती.

संचालकांनी हकीकत सांगितली. काळ्या दगडाचा, आगपेटीएवढा चौकोनी शिक्का. त्यावर एक पाय उचललेलं हरीण कोरलेलं. ज्या गृहस्थांनी हे संग्रहालय उभारलं त्यांनी मृत्युपत्रात अट घातली होती, की वर्षातून एक दिवस मुलांनी हा अस्सल शिक्का स्वतःच्या हाताने मातीत उमटवायचा. मात्र त्याला काही इजा झाली तर तो दिवस कायमचा बंद. गेली एकतीस वर्षं काही झालं नव्हतं.

"आणि आज थेट चोरी!" मागून आवाज आला.

हे संग्रहपाल. वस्तू जपण्याचं, नोंदण्याचं काम त्यांचं. उंच, शिडशिडीत माणूस; अंगात बंद गळ्याचा कोट. डाव्या हातात पांढरा सुती मोजा होता, उजवा हात उघडा. तो उघडा हात त्यांनी ताईंकडे रोखला. "ह्यांना विचारा."

"विचारते. आधी तुम्ही सांगा. चोरी लक्षात कशी आली?"

"मुलांच्या तीन तुकड्या होत्या. दहाला, बाराला आणि दोनला. एकेकीत अठरा मुलं. साडेतीनला शेवटच्या मुलीने ठसा उमटवला. मी शेजारीच उभा होतो. तिच्या हातातूनच शिक्का घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला, तर हलका लागला. काळा रंग दिलेलं प्लास्टर! हे बघा." त्यांनी टेबलावरचा नकली शिक्का पुढे सरकवला.

"नक्कल कुठून आली?"

"साचा ह्याच खोलीतल्या कपाटात असतो. सरावासाठी ह्या त्यातून प्लास्टरचे शिक्के पाडतात. रंग द्यायला किती वेळ लागतो?"

"कपाटाला कुलूप?"

"नसतं," संचालक म्हणाले. "साचा कोण चोरणार?"

"मग अदलाबदल कधी झाली असेल?"

"जेवणाच्या सुट्टीत," संग्रहपाल ठामपणे म्हणाले. "सव्वाला दुसरी तुकडी संपली तेव्हा मी स्वतः शिक्का हातात घेऊन बघितला. अस्सल होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग तो ह्यांच्या खणात गेला आणि पाऊण तास खोलीत ह्या एकट्याच होत्या. तिसऱ्या तुकडीतल्या बिचाऱ्या मुलांनी प्लास्टरचे ठसे उमटवले. खरा शिक्का कुणा पालकाबरोबर केव्हाच बाहेर गेला असणार."

बाई ताईंकडे वळल्या. "सुट्टीत एकट्या होतात?"

"मुलगी होती. आम्ही डबा खाल्ला."

"सव्वाला सरांनी शिक्का बघितला?"

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीने त्यांच्या ॲप्रनची मूठ आणखी घट्ट केली.

"बोला ना."

"मला... मला आठवत नाही."

"दिवसभरात शिक्क्याबाबत वेगळं काही घडलं?"

"नाही." हे 'नाही' फार लवकर आलं.

संग्रहपालांनी सुस्कारा सोडला. संचालकांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, सहाला विश्वस्त येतायत. मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल. बाहेर लोक दार तोडायच्या बेतात आहेत. तुम्ही ह्यांना ताब्यात घेऊन टाका, बाकीचं नंतर बघू."

'घेऊन टाका' ऐकल्यावर मुलगी रडायला लागली. मोठ्याने नाही. नुसती उचकी लागल्यासारखी. ताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "काही नाही होत, राणी, काही नाही." त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

बाई उठल्या. गुडघा कुरकुरला. त्या फळ्यांपाशी गेल्या आणि एकेक फरशी उचलून बघू लागल्या. मागे काडीने नंबर कोरलेला, एकपासून चोपन्नपर्यंत. पुढे चौकोनात हरीण. कुणी जोर लावून दाबलं होतं, कुणी घाबरत घाबरत. कुणाच्या ठशाचे चारही कोपरे टोकदार होते, कुणाचा उजवीकडचा खालचा कोपरा बोथट. अठरा नंबरच्या फरशीवर हरणाशेजारी एक लांबलचक ओरखडा होता, घाईने शिक्का उपसल्यासारखा.

"मुलांची कामं बघायला पुन्हा कधीतरी या," संग्रहपाल म्हणाले.

"आजच आवडतायत." बाईंनी ओल्या मातीचा गोळा घेतला, टेबलावर थापला आणि नकली शिक्का त्यात दाबला. उचलला. बराच वेळ बघितला. मग एकोणीस नंबर आणि चोपन्न नंबर अशा दोन फरशा आणून शेजारी ठेवल्या.

"संचालकसाहेब, दार लावा. पालकांना घरी जाऊ द्या, पण ह्या खोलीतून कुणी हलायचं नाही."

"पालकांना सोडलं तर शिक्का..."

"शिक्का इथेच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललंय तुमचं."

पहारेकऱ्याला निरोप देऊन संचालक परत आले.

"बघा," बाई म्हणाल्या. "हा नकली शिक्क्याचा ठसा. चारही कोपरे शाबूत. एक ते अठरा नंबरच्या फरशाही तशाच. पण एकोणीसपासून पुढे प्रत्येक ठशात हा कोपरा गायब. तांदळाच्या दाण्याएवढा. एकोणिसाव्या मुलाने आणि चोपन्नाव्या मुलीने एकाच ठिकाणी कमी दाबलं, असं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या तुकडीच्या शेवटी अस्सल शिक्क्याचा टवका उडाला. साचा जुना, त्यात टवका नाही, म्हणून नकलेतही नाही. नकली शिक्क्याने तिसऱ्या तुकडीचे ठसे उमटले असते तर त्यांचे चारही कोपरे आले असते. ते आले नाहीत. चोपन्नावी फरशी पडेपर्यंत मुलांच्या हातात अस्सल शिक्का होता. जेवणाच्या सुट्टीत काहीच घडलं नाही."

बाई संग्रहपालांकडे वळल्या.

"चोपन्नाव्या मुलीच्या हातातून तो कुणी घेतला? सरांनी. त्यांनीच आत्ता सांगितलं. घेतला, खिडकीकडे वळले, आणि ओरडले. त्या चार पावलांत अदलाबदल झाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

"मूर्खपणा आहे," संग्रहपाल म्हणाले. "सव्वाला मी..."

"सव्वाला तुम्ही शिक्का बघितला, आणि ओरखडासुद्धा नव्हता. हेच म्हणालात ना? तेव्हा त्याचा कोपरा उडून दोन तास झाले होते. तुम्ही तो बघितलाच नव्हता, सर. संशय सुट्टीवर ढकलायला ते वाक्य हवं होतं तुम्हाला. आणि शिक्का हाताळणारा माणूस दोन्ही हातांत मोजे घालतो. तुमचा उजवा मोजा कुठाय?"

संग्रहपालांचा उघडा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. बाईंनीच खिशात हात घातला. गुंडाळलेला पांढरा मोजा निघाला, त्यात शिक्का.

"का?" संचालकांना एवढंच विचारता आलं.

"वीस वर्षं बघतोय मी!" माणूस एकदम फुटला. "वीस वर्षं ही चिकट बोटं, नाक पुसलेले हात! मला विकायचा नव्हता तो. चोरी झाली की हा तमाशा बंद झाला असता. महिन्याभराने मी शोधून काढला असता. मला फक्त तो सुखरूप..."

तो थांबला. बाईंच्या तळहातावरच्या शिक्क्याचा कोपरा त्याने आत्ता पहिल्यांदा बघितला होता. तो बुटक्या खुर्चीवर बसला आणि ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागला. त्या महिन्याभरात ताई कोठडीत असत्या, त्यांची मुलगी कुठेतरी, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाईंनी पहारेकऱ्याला बोलावून संग्रहपालांना बाहेर न्यायला सांगितलं.

संचालकांनी शिक्का उजेडात धरला. "टवका कुणी पाडला?"

"मी," ताई चटकन म्हणाल्या. "माझ्या हातून निसटला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर दिवस बंद, म्हणून..."

"आईने नाही," मुलगी म्हणाली. "पहिल्या तुकडीत माझा शेवटचा नंबर होता. शिक्का मातीत रुतला. मी ओढला, तो जमिनीवर पडला. आई म्हणाली कुणाला सांगू नको."

ताईंनी मान खाली घातली. संचालकांनी टवक्यावरून अंगठा फिरवला. चांगला माणूस होता तो, पण त्यालाही मृत्युपत्र बदलता येत नव्हतं.

"इजा झाली," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "अट स्पष्ट आहे, ताई. हा दिवस आता संपला. तुमच्या नोकरीचं मी बघतो, पण हे माझ्या हातात नाही."

मुलीने आईकडे बघितलं. "म्हणजे आता कुठल्याच मुलाला नाही मिळणार? माझ्यामुळे?"

ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. मातीच्या हातांनी तिचे गाल धरले. त्यांना रडू आवरत नव्हतं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे. आणि तुझ्यामुळेच आज आई तुझ्याबरोबर घरी येतेय."