शिशाच्या पाइपवरचे दात

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाईला या, मी तुम्हाला ती भिंत दाखवते. नवं प्लास्टर अजून वेगळं दिसतं.

क्षमा माझी मावसबहीण. घडलं ते तिच्या घरी, मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी पावणेतीनला.

हो, दुपारी. भुतांनी रात्री बारालाच यायचं असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्या गावात पाणी बहुतेक चोवीस तास येत असावं. क्षमाच्या आळीत ते दिवसाआड येतं, दुपारी साडेतीनला. त्या घरात जे काही होतं, तेही एरवी पाण्याच्याच वेळा पाळायचं.

क्षमाची मुलगी अश्लेषा सहा वर्षांची. दिवाळीपासून पोर पोट धरून बसायची. जंत झाले असतील, नजर लागली असेल, शाळा बुडवायला नाटकं करत असेल, सगळं म्हणून झालं. मग ती येणारी अक्षरं विसरायला लागली. पाटीवरच्या 'क'कडे नुसती बघत बसायची.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला.

रक्तात शिसं.

"नळाची लाइन कधीची आहे तुमची?" डॉक्टरांनी विचारलं.

क्षमाने गुंडा प्लंबरला बोलावलं. मागच्या न्हाणीत भिंतीतून बाहेर येणारा पाइप त्याने स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. काळपट सालीखाली चांदीसारखी रेघ चमकली.

"वैनी, ह्ये लोखंड न्हाई. शिसं हाय, आज्याच्या टायमाचं. पार काढून टाका."

"तो पाइप निघणार नाही."

मागून आवाज आला. दारात क्षमाचे सासरे उभे होते. विष्णुपंत, घरातले अण्णा. पंचाहत्तरीचा शांत माणूस, कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

पाण्याच्या दिवशी अण्णा सव्वातीनलाच न्हाणीत पाट टाकून बसायचे. पाइपला कान लावून. पाणी यायच्या आधी पाइपमधून हवा सुटते, ती ऐकत. म्हातारपणी एकेकाला छंद असतात, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

मनू त्यांची धाकटी बहीण. पाण्याच्या वेळी तिचं काम ठरलेलं. पाइपला कान लावून बसायचं, हवा आली की "आलं, आलं!" म्हणून ओरडायचं. मग आई हंडे लावायची. सातव्या वर्षी मनू गेली. पोट दुखायचं तिचं. काय झालं ते कुणाला कळलंच नाही.

"ती अजून आहे त्यात," अण्णा म्हणाले. "हवेच्या आवाजात बोलते."

"काय बोलते?"

"नको... एवढंच. तिला तिथून हलायचं नाही, क्षमा. इतकी वर्षं मी तो पाइप राखलाय."

क्षमाला आधी रडू आलं. मग असा संताप आला की बस्स.

"अण्णा, तुमच्या बहिणीचं मला फार वाईट वाटतं. पण ती गेली. माझी अजून आहे. पाइप निघणार."

पुण्याहून सुमंतचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. अण्णांचं मन मोडू नकोस, आपण जारचं पाणी लावू. क्षमाने विचारलं, "आणि ती चूळ भरेल तेव्हा रोज तू येणार आहेस का राखण करायला?"

गुरुवारी पाण्याचा वार होता. तिने स्वतः पाइपला कान लावला.

आधी काहीच नाही.

मग लांबून फुसफुस आली. हवाच ती. जवळ आली... अगदी कानाशी आली...

"न... को..."

लहान मुलीचा आवाज. क्षमाने कान काढला आणि पाइपवर फाडकन थाप मारली.

"ऐकलं मी. तरी काढणार!"

रविवारी गुंडा आला. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता, शिवाय रस्त्यावरची पाण्याची चावीही त्याने बंद केली होती. अश्लेषाला शेजारच्या राजेश्वरीकडे पाठवलं. राजेश्वरीला पाचवा महिना होता, पोरगी तिच्या पोटाला कान लावून रमायची.

पावणेतीन वाजले. गुंडाने पाइपवर करवत ठेवली. दोन हात मारले आणि थांबला.

"वैनी, पानी बंद हाय न्हवं?"

"बंद आहे."

"मग ह्यो आवाज कसला?"

कोरड्या पाइपमधून...

फुस्स...

"नको..."

गुंडा करवत टाकून थेट अंगणात. "आवं, कोन हाय त्यात!"

"थांबव, क्षमा," अण्णा हात जोडून म्हणाले. "ती नको म्हणतेय."

क्षमाने करवत उचलली. ती पाइपापाशी वाकली.

"मनूआत्या, नात्याने तुम्ही मोठ्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण हे पाणी तिच्या पोटात जाणार नाही."

आणि तिने करवत चालवली. शिसं मऊ असतं, साबणाच्या वडीसारखं कापलं गेलं. तुकडा फरशीवर पडला. भिंतीतल्या तोंडातून गार हवेचा एक झोत तिच्या चेहऱ्यावर आला...

मग सगळं गप्प.

जरा वेळाने गुंडा परत आला, स्वतःवरच चिडलेला. छिन्नीने भिंत फोडून त्याने आतला पाइप ओढून काढला. उजेडात धरला. आणि मटकन खाली बसला.

"वैनी... ह्ये बघा."

पाइपवर दातांचे वण होते.

बारीक बारीक दात. ओळीखाली ओळ, एकावर एक. काही जुने, काळे, चुन्याने भरलेले. काही मात्र चांदीसारखे चकाकत होते. आत्ताच उठल्यासारखे.

"उंदीर असंल," गुंडा म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलं नाही.

हा तुकडा विटा-चुन्यात गाडलेला होता. तिथे कुणाचं तोंड पोचणं शक्यच नव्हतं. आणि प्रत्येक चाव्यात पुढे एका दाताची जागा मोकळी होती. अश्लेषाचे पुढचे दात तर सगळे जागच्या जागी आहेत.

अण्णांनी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"मनूचा पुढचा दात पडला होता," ते म्हणाले. "गेली त्याच आठवड्यात."

एके ठिकाणी चावे इतके खोल होते की शिशाचा कागदासारखा पातळ पापुद्रा उरला होता. क्षमा ते बघत राहिली.

"अण्णा, ती पाइप धरून बसली नव्हती," ती हळूच म्हणाली. "तोडत होती. पिऊ नको म्हणत होती."

अण्णा तिथेच, मातीत बसून लहान मुलासारखे रडले. "आणि मी राखत बसलो गं..."

नवा पाइप बसला. आवाज गेला. आठवडाभर घरात शांतता होती.

मग एका दुपारी राजेश्वरीने भिंतीवरून हाक मारली.

"वैनी, आमच्या मोरीच्या भिंतीत उंदीर शिरलाय वो. साडेतीन वाजत आलं की कुरतडाय लागतोय."

क्षमा हातातलं काम टाकून भिंतीपाशी आली. "तुमचा पाइप कधी बदललाय?"

"बदललाय कुठं? जुनाच हाय. सासूबाई म्हणत्यात, पोटुशी बाई घरात असताना भिंत फोडत न्हाईत. बाळंतपन झालं की बघू."

क्षमा धावतच तिच्या मोरीत गेली. नळ नुकताच सुटला होता. राजेश्वरीने पेला भरून ओठाला लावला...

आणि भिंतीतून आलं...

"नको!"

यावेळी राजेश्वरीनेही ऐकलं. क्षमाने तिच्या हातातला पेला उडवला. मग तशीच तिच्या सासूसमोर जाऊन उभी राहिली. "उद्या गुंडा येणार, भिंत फोडणार. दोष लागला तर तो माझ्या माथी."

त्या भिंतीतून निघालेला पाइप मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यावरही चावे होते. एका दाताची जागा मोकळी. आणि सगळेच्या सगळे नवे.

अश्लेषा आता 'क' काढते. रक्तातलं शिसं उतरतंय. क्षमा आळीत घरोघरी फिरून पाइप खरवडते, लोक तिला येडी म्हणतात, तिला त्याचं काही नाही.

मी मात्र आष्ट्याला राहते. आमचंही घर जुनं आहे. काल धीर करून मीही स्क्रू ड्रायव्हरने न्हाणीतला पाइप खरवडला.

चमकला.

गुंडाला फोन केलाय, परवा येतो म्हणाला.

कान मात्र मी अजून लावलेला नाही.