सात नंबरची जागा

"उजवीकडे! मामा, उजवीकडे घे!"

"मला शिकवू नका! वीस वर्षं गाडी चालवतोय!" असं म्हणत मामाने ट्रेलर डावीकडच्या कुंपणात घातला.

गाडीमागे ओढायचं हे फिरतं घर त्याने सुट्टीसाठी भाड्याने आणलं होतं. बेटावर उतरल्यापासून हे तिसरं कुंपण. शेवटी किनाऱ्यावरच्या ट्रेलर-तळाच्या व्यवस्थापकाने दाखवलेल्या सात नंबरच्या जागेवर ट्रेलर लागला. आजीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिला आतल्या पलंगावर निजवायला चार माणसं लागली.

"सगळ्यात उत्तम जागा दिलीय!" व्यवस्थापक म्हणाला. "दारातच समुद्र!"

एवढे कष्ट करून तो आपल्या टपरीत जाऊन झोपला.

मामाच्या तीन भाचरांतला चष्मिस तिथल्या विजेच्या खांबाशी उकिडवा बसला होता. "ताई, इकडे ये. खांबावर शिंपले!"

"कोणीतरी चिकटवले असतील," धाकटी म्हणाली.

ताईने एक उपटायला बोट लावलं. शिंपला पटकन मिटला.

"जिवंत आहे!" ताई दचकली. "आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीवर! म्हणजे पाणी इथवर येतं!"

तिघं टपरीकडे धावली. आत भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं होतं, पण पान मागच्या महिन्याचं! ते उलटायचे श्रम साहेबांनी घेतले नव्हते. चष्मिसने ते उलटलं. आज चार वाजता, महिन्यातली सगळ्यात मोठी भरती. घड्याळात अडीच वाजले होते.

"काहीतरीच!" मुलांनी परत येऊन सांगितल्यावर मामा आरामखुर्चीतून म्हणाला. "ते व्यवस्थापक इथले जाणकार आहेत. त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"आजीला उचलायला चार जण लागतात, मामा!"

मामाने डोळे मिटले.

ताईने चष्मिसला डोळा मारला आणि आवाज चढवला. "जाऊ दे रे! उतारावर ट्रेलर उलटा चढवायचा म्हणजे मामाच्या आवाक्यातलं काम नाही."

"हो ना, त्याला सपाटीवरच धड जमत नाही!"

मामा ताडकन उठला. "कोण म्हणतं जमत नाही?"

धाकटीने खांबाला जोडलेली ट्रेलरची वायर काढली. मग आजीसकट ट्रेलर मागे-पुढे, मागे-पुढे झाला. नवव्या खेपेला तो वर टेकाडावर चढला. मामा विजयी वीरासारखा खाली उतरला.

चार वाजता सात नंबरची जागा समुद्रात होती. खांबावरचा विजेचा डबा पाण्याखाली गेला. टपरीतून गुडघाभर पाणी तुडवत व्यवस्थापक बाहेर आला.

"असं कधी होत नाही!" तो ओरडला.

"दर महिन्याला होतं, काका," चष्मिस म्हणाला. "तुम्ही झोपलेले असता."

"मला आधीच शंका आली होती," मामा म्हणाला. "म्हणून तर ट्रेलर वर घेतला."

खिडकीतून आजीचं डोकं बाहेर आलं. "तू गप बस! या तिघांनी तुला चिडवलं नसतं, तर आत्ता मी पलंगासकट पोहत असते. शाब्बास रे पोरांनो! आत या. आणि तू, त्या साहेबांना घेऊन आधी कुंपणं सरळ करून ये."

दोघे जाणकार कुंपणांकडे निघाले.